पिठावरचं पाऊल

सेवादासच्या चक्कीवर दळण टाकलं की दोन गोष्टी मिळायच्या, पीठ आणि ज्ञान. पिठाचे पैसे पडायचे, ज्ञान फुकट होतं. आणि फुकट असलं तरी नको म्हणायची सोय नव्हती. बोरी अरबपासून जवळच, अडाण नदीच्या काठानं जो तांडा आहे, त्यात चक्की ती एकच. दळणाचा डबा रांगेत लावायचा, बाहेरच्या फरशीवर बूड टेकायचं, की सेवादासनं तोंड उघडलंच म्हणून समजा.

"आपले बापजादे काय करत होते सांग," तो समोर बसलेल्याला विचारायचा. "बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर हिंडत होते. आज या गावाच्या शिवेवर मुक्काम, उद्या त्या. मुक्काम हालला म्हणजे तांडा मेला का? नाही मेला. पुढं गेला. जीवाचं बी तसंच हाय बाप्पा. हे शरीर म्हणजे मुक्काम. अन् दरेक मुक्कामाले पाठीवरचं थोडं थोडं ओझं उतरलं पाह्यजे. राग उतरव, हेवा उतरव, माह्यं माह्यं करणं उतरव. हलका होत गेला की सुटला!"

बोलायचा मात्र गोड. हातात पोथी नाही, कपाळाला टिळा नाही, कुणाकडून नारळ-दक्षिणा घेणं नाही. ज्याच्या घरी दुःख त्याच्या घरी हा आधी. माणूस बोलता बोलता रडायला लागला तर आपणही रडायचा.

आणि चक्की कोण चालवायचं? लालीबाई. त्याची बायको. मोटर सुरू करणं, डबे आणि धान्याचे पोत्याएवढे कट्टे उचलून चक्कीच्या तोंडात ओतणं, दगडांना टाकी लावणं, पीठ चाळणं, सगळं ती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. बाहेर ओझ्याची गोष्ट निघाली की ती आतून मोटरीवर आवाज चढवून ओरडायची, "ओझं उतरवा म्हन्ते थे माणूस, अन् गव्हाचा कट्टा मी उचलतो!"

फरशीवरची माणसं पोट धरून हसायची. सेवादासही हसायचा. बायकोच्या तोंडून निघालेलं खरं असं हसण्यावारी नेऊ नये. पण सगळेच नेतात, त्यानंही नेलं.

मोटर बिघडली की बोरीचा मुसलमान मिस्त्री, सरदार, यायचा. तो पान्हा फिरवता फिरवता म्हणायचा, "आमच्यात एकच चक्कर हाय, सेवाभाऊ. म्हणून मी मोटर एकदाच पक्की बसवतो. तुमच्यात पुढच्या जलमी बसवतो म्हटलं तरी चालते." सेवादास त्यालाही सोडायचा नाही. सरदार निघताना म्हणायचा, "जातो." की हा पुढं होऊन वाट अडवायचा.

"जातो नाही म्हणू. येतो म्हण. घरून निघताना आपल्यात कोणी जातो म्हन्ते का? बोलीले बी मालूम हाय, कोणी जात नसते."

"येतो बाबा, येतो! जाऊ दे आता," सरदार हात जोडायचा. पोरंसोरं तर मुद्दाम "जातो सेवाबाबा!" म्हणून आरोळी ठोकायची आणि धूम पळायची.

हे वेड त्याला आधीपासून नव्हतं. त्याला पहिला मुलगा झाला होता, प्रेम. नुकता शाळेत जायला लागला होता. तापानं फणफणला, दवाखान्यात नेला, आणि परत आणला तेव्हा गोधडीत गुंडाळून आणला. सेवादासनं अन्न सोडलं. कडुनिंबाला टेकून बसायचा, कुणी बोललं तरी त्याच्याकडं बघायचा नाही. लालीबाईचंही लेकरूच गेलं होतं, पण घरात दोघांनी एकदम आडवं पडून चालत नाही. ती उठली.

तिकडं एक रीत आहे. माणूस जिथं गेलं, नाहीतर जिथून त्याला शेवटचं उचललं, त्या जागेवर तिसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ताटात बारीक चाळलेलं पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि वर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पाहायचं. पिठावर जे पाऊल उमटलं असेल, पाखराचं, मुंगळ्याचं, माणसाचं, त्या जन्माला तो जीव गेला. प्रेमच्या वेळेला म्हातारे म्हणाले, लहान लेकराचं एवढं करत नसतात. सेवादासनं हट्ट धरला. सकाळी टोपलं उचललं तर पिठावर एक इवलासा खळगा, लहान पोरानं पायाचा अंगठा टेकवावा तसा. सेवादासनं तो पाहिला आणि हंबरडा फोडला. पोर गेल्यापासून तो पहिल्यांदा रडला. मग डोळे पुसले आणि भाकर मागितली.

पुढं बबिता झाली. त्यानं आधी तिचा पाय हातात घेतला, अंगठा पाहिला. "आला," म्हणाला. पोरीला लहानपणापासून तेच सांगत आला, की बाई, तू गेलतीच नाही, फक्त दारातून बाहेर जाऊन वापस आली. बबिता हसायची, पण त्या हसण्यात तिला एक मान वाटायचा. मेलेल्या भावाची जागा भरायला आपल्याला मुद्दाम बोलावून आणलं, असं तिला वाटायचं.

त्यानंतर तांड्यात कुणीही गेलं की पीठ सेवादासच्या चक्कीचं आणि टोपलं उचलायचा मानही त्याचाच. मैनाबाईचा नवरा पांढरकवड्याकडं ट्रकखाली सापडला, तेव्हाची गोष्ट. टोपलं उचललं तर पीठ सपाट. दारात मैनाबाई बसलेली, डोळे पिठाकडं नाहीत, सेवादासच्या तोंडाकडं. ते तोंड आता काय म्हणतं यावर बाईचं पुढचं सगळं जगणं टांगलेलं. सेवादासच्या उजव्या हातात टोपलं होतं. डाव्या हाताचं बोट कधी पुढं झालं, त्यालाही कळलं नाही. तीन रेघा उमटल्या. "पाखरू," तो म्हणाला. "मोकळ्या आभाळात गेला तुहा माणूस." मैनाबाई त्या दिवसापासून पत्र्यावर रोज मूठभर ज्वारी टाकते. चिमण्या आल्या की डोक्यावर पदर घेते.

त्याचं मन त्याला खायचं का? खायचं. पण बोलणाऱ्या माणसाला स्वतःला समजवायला कितीसा वेळ लागतो! बोट माझं, पण हलवणारा कोण, असं म्हणून त्यानं मिटवलं. प्रेमच्या पिठावरचं पाऊल तर खरं होतं ना, मग बाकीची त्याच्या पुण्याईवर चालतील. कोरं पीठ म्हणजे काय हेही तो चक्कीवर सांगायचा: जीव सुटला, मुक्त झाला, जन्ममरणाचा फेरा संपला, यापरीस मोठं काही नाही. पण त्याच्या हातून कोरं पीठ कधी कुणाच्या घरी निघालं नाही. मुक्ती सगळ्यांना पाहिजे असते, पण आपल्या माणसाची कुणालाच नको असते.

दोन वर्षांमागं लालीबाईला खोकला लागला. आधी पाऊस, मग थंडी, मग जुनं पीठ, अशी एकेक निमित्तं झाली. यवतमाळच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि सांगितलं, छातीत धूळ बसलीय, आता उतरायची नाही. धूळ कसली, पीठ होतं ते. अख्ख्या तांड्यानं खाल्लं ते पोटात गेलं, हिचं छातीत गेलं.

तेव्हा सेवादास चक्कीत शिरला. पहिल्याच दिवशी गव्हाचा कट्टा उचलताना त्याची कंबर धरली. पट्टा सरकला तर बसवता येईना, पीठ भरड निघालं. फरशीवर माणसं बसलेली असायची, पण प्रवचन बंद. मोटरीच्या आवाजात आतून बोललेलं बाहेर ऐकू येत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. म्हणजे ही इतकी वर्षं ओरडत होती, ते ऐकू जावं म्हणून.

एका दुपारी दळण नव्हतं. कडुनिंबाखाली खाटेवर लालीबाई उशांना टेकून बसली होती. आडवं पडलं की श्वास कोंडायचा. सेवादास तिच्या पायाशी बसून चहा फुंकून देत होता.

"ऐका," ती म्हणाली. "माह्या पिठात बोट नका घालू."

"कोणतं बोट?"

"डाव्या हाताचं. उजव्यानं टोपलं उचलता तुमी."

सेवादासनं कपबशी खाली ठेवली. तो हसायला गेला, ते त्याला जमलं नाही. "तुले कोणं सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? नखात पीठ राह्यते. धुणं मी धुतो, नखं मले दिसत नाही का?" तिनं दम घेतला. "मी काही म्हटलं नाही. लोकाइले बरं वाटते तं वाटू द्या. पण तुमाले हे शिकवलं कोणं, मालूम हाय?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"प्रेमच्या पिठात मी घातलतं. तुमी आंघोळीले गेलते. टोपलं उचललं, करंगळी टेकवली अन् झाकून देल्लं. तुमी खात नोहते, पीत नोहते. मले वाटलं, लेकरू गेलं, आता हेही जाते. म्हणून घातलं."

चहा थंड झाला. सेवादास चक्कीच्या दाराकडं बघत बसला. ज्या एका खळग्यावर त्यानं सगळं आयुष्य रचलं, लोकांना सांगितलं, पोरीला वाढवलं, ती त्याच्याच बायकोची करंगळी होती. राग कुणावर धरायचा? जिनं त्याला जगवलं तिच्यावर? त्याला आतून एकदम रिकामं वाटलं. तरी माणूस मेला सवयीचा.

"असू दे," तो कसाबसा म्हणाला. "बोट तुहं, पण हलवणारा... अन् लाले, तू येशीन पाह्य. पुढच्या जलमी आपुन..."

"नको!"

ती इतक्या घाईनं म्हणाली की खोकल्याची उबळ आली. त्यानं पाठ चोळली. उबळ ओसरल्यावर ती सावकाश, जणू दळणाचा हिशेब समजावून सांगावा तशी बोलली. "पुढच्या जलमी तुमी नको, चक्की नको, सैपाक नको, मीबी नको. तुमी म्हन्ता जीव दर जलमी वर चढते, मोठा होते. माह्या जीवाले मोठं नाही व्हायचं. त्याले झोपायचं हाय. तुमी वाईट माणूस नाही. कधी हात नाही उगारला, कधी दारू नाही पेले. पण पुन्हा नाही. लय थकलो मी."

सेवादासच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. एरवी पुसलं असतं.

"द्या वचन. बोट नाही घालणार."

"देल्लं."

"अन् बबिताले यातलं काही सांगू नका. पोरीले वाटन, मायले आपली माया नोहती. माया हाय. पण वापस नाही यायचं."

त्यानंतर ती या विषयावर बोलली नाही. सेवादास मात्र रोज वाट बघायचा. आज म्हणेल, उद्या म्हणेल, जाऊ द्या, बोललो मी तोंडाला येईल ते. गोळी देताना, पाणी पाजताना, वेणी घालून देताना तो तिच्या तोंडाकडं बघायचा. वेणी त्याला नीट जमायची नाही. ती "राहू द्या" म्हणायची, एवढंच.

ती गेली तेव्हा तो चक्कीत होता. मोटर चालू होती. दळण मैनाबाईचं होतं. मैनाबाईच आत येऊन ओरडली तेव्हा त्यानं मोटर बंद केली, आणि मग बाहेरची शांतता ऐकली. लालीबाईनं हाक मारली होती की नाही, हे कुणालाच माहीत नाही.

बबिता पुसदहून, सासरहून आली. तिला सातवा महिना होता. आल्या आल्या आईच्या अंगावर पडून तिनं असा टाहो फोडला की बायकांना तिला धरून मागं ओढावं लागलं. "याडी, मले एकटी टाकून काहून गेली वं!" सेवादास खांबाला धरून उभा होता.

तिसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पीठ त्यानं स्वतः दळलं. चांगलं बारीक निघालं. आता कुठं त्याचा हात बसला होता. कडुनिंबाखाली, जिथं खाट होती तिथं, जागा सारवली आणि ताट ठेवलं. बबिता जवळ येऊन बसली. पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "बापू, याडी माह्याच घरी येन ना? तुमी म्हणत होते, जीव माया असते तिथंच येते. वाट पाहून राह्यलो मी. पोरगी झाली तं लालीच नाव ठेवीन."

सेवादासला वाटलं, जमीन दुभंगावी. ही आशा त्यानंच लावलेली. रोज पाणी घालून वाढवलेली. आता एक बोट टेकवलं की पोरीचं बाळंतपण सुखाचं होणार होतं, आणि एक बोट टेकवलं की मेलेल्या बायकोला दिलेला एकुलता एक शब्द मोडणार होता. जिवंतपणी त्यानं तिचं एकही ऐकलं नव्हतं. कट्टा मी उचलतो म्हटलं, हसला. थकलो म्हटलं, ज्ञान सांगितलं. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि टोपलं झाकलं.

सकाळी सगळा तांडा जमला. तांड्याचा नायक उत्तमसिंग पागोटं बांधून पुढं बसला, त्याच्या मागं बायका, आणि सगळ्यांच्या पुढं बबिता. सेवादासनं डावा हात कमरेमागं नेला, मूठ आवळली. उजव्या हातानं टोपलं धरलं. आणि त्या क्षणी, एवढं सगळं कळून चुकल्यावरही, तो गडी मनात म्हणाला, लाले, एकदा. मी हात लावत नाही. तू स्वतःहून. एवढंसं.

टोपलं उचललं. पीठ कोरं होतं. संध्याकाळी पसरलं तसंच, मुंगीनंसुद्धा ओलांडलं नव्हतं.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मग उत्तमसिंगनंच हात जोडले. "सुटली!" तो मोठ्यानं म्हणाला. "सुटली बाई! फेराच चुकला! सेवादास, तुह्या घरून मुक्त जीव गेला रे!"

मग काय विचारता! जो तो पुढं येऊन पिठाला हात जोडू लागला. एवढं पुण्य, एवढी साधी बाई, कोणी ओळखलं नाही. मैनाबाईनं सेवादासच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, तुमच्यासारख्या ज्ञानी माणसाची संगत होती, म्हणूनच गती भेटली. आयुष्यभर ज्या बाईला कुणी बस म्हटलं नाही, तिला मेल्यावर तांडा देवी करत होता, आणि श्रेय नवऱ्याला देत होता. सेवादासनं पाय मागं घेतले. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाबांनो, माझ्या संगतीतून सुटायला गेली ती. पण समोर बबिता बसली होती.

लोक पांगले. बबिताच्या सासरचं म्हणणं पडलं, पोटुशी बाईनं सुतकाच्या घरी जास्त राहू नये. जावई ऑटो घेऊन उभा होता. बबिता ताटापाशी बसून होती. सेवादास जवळ गेला तशी तिनं वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"बापू, मैनामावशीसाठी बोट लावलं तुमी."

सेवादासनं डावा हात कमरेमागं नेला.

"मले मालूम नाही का? आख्ख्या तांड्याले मालूम हाय. मावशीले बी मालूम हाय, तरी थे चिमण्याइले ज्वारी टाकते. कोणी काही म्हन्त नाही, कारण तुमी मायेनं लावत होते." तिनं ताट पुढं ढकललं. "सगळ्या दुनियेसाठी लावलं. लोकाइच्या म्हाताऱ्याइसाठी लावलं. एकुलत्या एक पोरीसाठी बोट जड झालं का?"

तो तिच्यासमोर उभा होता, आणि खरं बोलायला त्याला एकच वाक्य पुरलं असतं. तुझ्या मायला यायचं नव्हतं. ते वाक्य पोरीच्या पोटावर मारल्यासारखं बसलं असतं. जन्मभर शब्दांवर जगलेल्या माणसानं सगळे शब्द चाचपून पाहिले, त्यातला एकही कामाचा निघाला नाही.

"विसरलो बाई," तो म्हणाला.

बबिता त्याच्याकडं बघत राहिली. परक्या माणसाकडं बघावं तसं. मग जमिनीवर हात टेकून जड अंगानं उठली, पिशवी उचलली आणि ऑटोकडं चालू लागली. अंगणाच्या कडेला पोचल्यावर, मागं वळून न बघता म्हणाली, "जातो मी."

सेवादासनं तिला टोकलं नाही.